माणूस नको, माऊस पुरे

४ मार्च, सकाळ
मेहुणा ड्रम्स घेऊन गेला. जाऊ दे.
काल तालमीत मी एवढंच म्हणालो की गाणं तुझ्या बहिणीचं आहे, लोकांना ती ऐकू यायला हवी, तू नाही. यात नाकाला मिरच्या झोंबण्यासारखं काय होतं? गडी उठला, सगळं गाडीत भरलं, चालता झाला. आमचा बँड तिघांचा. बायको गाते, मी गाणी करतो आणि गिटार वाजवतो, तो बडवायचा. आता दोघांचा.
बायको म्हणते, फोन करून माफी मागा. का म्हणून? तो माझ्याहून लहान.
महिनाअखेर स्टुडिओवाल्याकडे गाणं घेऊन जायचंय. तो नव्या गायकांचा अल्बम काढतोय. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्यात ड्रम्स आहेत. हल्ली जिवंत ड्रमर ठेवतं कोण?
संकल्प: रविवारपर्यंत ड्रम्स पूर्ण. चिडायचं नाही.

५ मार्च
चहा गार व्हायच्या आत ड्रम्स तयार. पडद्यावर चौकोन असतात, क्लिक करत जायचं. प्रत्येक ठोका अगदी वेळेवर, एकाच जोराचा. मेहुण्याला जन्मात जमलं नाही ते.
बायकोला ऐकवलं. म्हणाली, कोणीतरी स्टेपलर मारतंय असं वाटतं.
शेवटी रक्ताचं नातं. भावाची बाजू घेणारच.

८ मार्च, दुपार, ऑफिस
इंटरनेटवर विचारलं. स्वतःला 'ढोलसम्राट' म्हणवणाऱ्या एका शहाण्याने कळवलं की माणूस दर वेळी सारखा मारत नाही. प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा ठेवा, थोडा पुढेमागे सरकवा. म्हणजे मशीनने बिनचूक काम करायचं आणि मी त्यात हाताने चुका घालत बसायचं.
काल रात्री सॉफ्टवेअरमध्ये आपोआप चुका करणारं बटण सापडलं. दाबलं. आता ड्रमर ड्रम्ससकट जिन्यावरून गडगडत आल्यासारखा वाटतो.
लिहिताना फोन तीनदा वाजला. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार विभागात आहे मी. दिवसभर एकच ऐकायचं, मशीन आवाज करतं. करतं ना? मग नशीब समजा.

११ मार्च
आज एका बाईंच्या मशीनचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. ढब्ब. खोल, भरीव. मला पायाने वाजवायच्या ड्रमसाठी हवा होता नेमका तोच. फोन मशीनजवळ धरायला सांगितला, रेकॉर्ड केलं, पुन्हा एकदा फिरवायला लावलं. त्यांनी विचारलं, माणूस कधी पाठवताय? मी म्हणालो, दुरुस्त करू नका, फार सुंदर आवाज आहे.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तक्रार विभागाविरुद्धच तक्रार यायची ही म्हणे पहिलीच वेळ. लेखी माफी द्यावी लागली. कलेची कदर नाही तिथे वाद काय घालायचा?
आवाज गाण्यात टाकून पाहिला. कानात पाणी गेल्यासारखा येतो. त्या बाईंचा भयंकर राग आला.

१५ मार्च, संध्याकाळ
मेहुणा बहिणीचा माईक परत द्यायला आला. दारातच उभा राहिला. मी गाणं जरा मोठ्याने लावलं. सहज. त्याने मान वाकडी करून ऐकलं आणि विचारलं, "दाजी, याला हात किती आहेत?"
मग स्वतःच सांगितलं. एक हात मधल्या ड्रमवर, एक झांजांवर, मग त्याच क्षणी कोपऱ्यातले दोन ड्रम कोण वाजवतंय? मी म्हणालो, कॉम्प्युटरला असली बंधनं नसतात. बायको तोंडावर पदर धरून आत गेली.
तो गेल्यावर मोजले. चार.
दोन हात उडवले. त्याच्या सांगण्यावरून नाही. मला आधीच शंका होती.

१८ मार्च
खोली मोठी वाटावी म्हणून घुमारा वाढवला. बायको म्हणाली, बाथरूममध्ये कोणाला कोंडलंय का? घुमारा काढला. आता बादली उपडी घातल्यासारखं वाटतं. उडदामाजी काळेगोरे काय निवडायचे?
खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई वर आल्या. त्यांचे पेशंट खुर्चीत बसल्यावर छतातून ठोके ऐकून उठून जातात म्हणे. दुखणारा दात जातो का उठून? कारणं सांगतात लोक. हेडफोन लावले. रागाच्या भरात वायर उपटली गेली. नवे आणले.

२१ मार्च
बायकोला सांगून टाकलं की नाद सोडतोय. सॉफ्टवेअर भिकार आहे.
ती भांडी लावत होती. हातातली थाळी तशीच धरून, आवाज न चढवता म्हणाली, "तुमचं भांडण कोणाशीही असू दे. मला एकदा तिथे जाऊन गायचंय."
काहीतरी खरमरीत उत्तर द्यायचं होतं. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

२३ मार्च
बायकोच्या फोनमध्ये तालमीचा एक जुना व्हिडिओ आहे. तो घेतला. नक्कल नव्हे, अभ्यास.
मेहुण्याचा एकेक ठोका थांबवून पाहिला. मोठ्या ठोक्यांच्या मध्ये तो हळूच, बोट टेकवावं तसं काहीतरी वाजवत असतो. इतकी वर्षं शेजारी उभा राहून मला ते ऐकू आलं नव्हतं. मी माझ्या कामात असायचो.
दुसऱ्या कडव्याआधी गडी दर वेळी थोडा उशीर करतो. म्हटलं, सापडला! पुन्हा पाहिलं. तिथे तो मान वर करून बहिणीकडे बघतो. ती श्वास घेते. तिचा घेऊन होईपर्यंत काठी हवेत असते.
कितीतरी वेळ तेवढंच बघत बसलो.
व्हिडिओत मीही आहे. मान खाली, नजर बोटांवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकाग्रता म्हणतात ती हीच.
एकेक ठोका माऊसने तसाच बसवायला घेतला. हात दुखतोय. मेहुण्याचा राग येतोय. एवढं बारीक वाजवायची काय गरज होती?

२८ मार्च, दुपार
झालं.
बायकोला हेडफोन दिले. डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याआधी तिने आपसूक श्वास घेतला. मग डोळे उघडून विचारलं, "छोट्या येऊन गेला का?"
मी म्हणालो, छोट्या नाही, मी. ती हसली, डोळे पुसले. दिवसभर मान मोडून काम मी करायचं आणि आठवण भावाची. असो.
त्यावर तिचं गाणं रेकॉर्ड केलं. माझी गिटारही, एका दमात. एकही सूर इकडचा तिकडे नाही.

३१ मार्च
स्टुडिओत गेलो. मालक जाड भिंगांचे, कमी बोलणारे. गाणं पूर्ण ऐकलं. बायकोला म्हणाले की पुढच्या आठवड्यात या, अल्बममध्ये तुमचं गाणं घेऊ. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.
मग त्यांनी विचारलं, ड्रमर कोण? मी छाती काढून सांगितलं, कोणी नाही, मी माऊसने केलंय. त्यांचा विश्वास बसेना. खुर्चीतून उठून हात मिळवला. आयुष्यात असा हात कोणी मिळवला नव्हता. मेहुणा हवा होता तिथे, असं वाटून गेलं. बघायला.
बसता बसता ते म्हणाले, "ड्रम्स हेच ठेवू. गिटार तेवढी मशीनची नको. अगदी कळतं हो. खरा वाजवणारा माणूस घेऊ."
बायकोने तोंड उघडलं. मी तिच्याआधी बोललो. म्हणालो, हो, घाईत सॉफ्टवेअरची टाकली, स्वस्तातली आहे.
"वाटलंच," ते म्हणाले. "ओळखीत कोणी गिटार वाजवतं का?"
बायको माझ्याकडे बघत होती.
"नाही," मी म्हणालो.
घरी येऊन गिटार काढली, ट्यूनर लावला. सगळ्या तारा सुरात आहेत.