उंबरठ्यावरचा पाय

३ फेब्रुवारी, सोमवार

किनुए आजी आज नापास. डोळ्यांवर तो जड चष्मा चढवला की तिला स्वतःचं घर दिसतं — आम्ही बदलून दाखवलेलं. पलंग, कठडे, सगळं. चालायचं मात्र आमच्या हॉस्पिटलच्या रिकाम्या हॉलमध्ये, मी, तिची व्यायामवाली, तिच्या कमरेचा पट्टा धरून. पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं. जमली तर घरी, नाही तर वृद्धाश्रम. चष्म्यातल्या चटयांवरून झकास गेली, आणि उंबरठ्यावर पाय देऊन कोलमडली. माझ्या अंगावर. चौऱ्याऐंशीची ती, कंबर गेली माझी.

५ फेब्रुवारी, बुधवार

"उंबरठाच काढून टाकू," म्हटलं. आजी फिस्कारली, "माझ्या नवऱ्यानं स्वतः रंधा मारून बसवलाय तो. हात तर लावून बघ." बरं बाई. कठडा डावीकडे घेतला. तरी पाय उंबरठ्यावरच. चष्मा काढायच्या आधी त्यातल्या खिडकीबाहेरच्या, नारिंगी फळांनी लगडलेल्या झाडाकडे बघत उभी राहिली; घराचे फोटो शरदातले. "एवढी पर्सिमनं मी नसताना कोण काढणार," म्हणाली.

मुलाचा, योशिहारुचा, नागोयाहून रोज फोन. "आई घरी आली की मी नोकरी सोडून येतो." आईलाही सांगून झालंय त्याचं.

६ फेब्रुवारी

दारातला बर्फ उपसला. भात, लोणचं, झोप.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्यांदा नापास. कंटाळले मी.

१० फेब्रुवारी, सोमवार

कॉम्प्युटर पावलांचा नकाशा काढून देतो. तिन्ही वेळचे शेजारी ठेवले. चटयांच्या कापडी काठांवर एकदाही पाय नाही — खोट्या चटया, तरी काठावर पाय न द्यायचं लहानपणचं वळण सुटलेलं नाही. आणि अशी बाई उंबरठ्यावर पाय देते? आमच्याकडे शेंबडं पोरही देत नाही. उंबरठा म्हणजे बापाचं डोकं, हे ऐकतच वाढलो सगळे.

जाऊन विचारलं. आधी तोंड मख्ख. मग म्हणाली, "तीन खेपा लागल्या होय तुला? मी घरी गेले की पोरगं नोकरी सोडणार, माझं हगणं-मुतणं काढायला. बावन्नचा आहे. मी मेल्यावर त्याला दारात कोण उभं करेल?" पांघरूण सारखं करत म्हणाली, "तीनदा बापाच्या डोक्यावर पाय दिला गं. तिन्ही वेळा मनात माफी मागितली."

मला रडू आलं. तिला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अहवाल दिला — उंबरठ्यापाशी अडखळतात, घरी पाठवणं धोक्याचं. वीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं. एक प्रत नियमाप्रमाणे मुलाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

योशिहारु हॉलमध्ये उभा, काखेत कापडात गुंडाळलेली फळी. "अहवाल वाचला, बाई. त्याच दिवशी राजीनामा दिला. हा उंबरठा काल मीच उपटून काढला, आता आईला अडखळायला काही नाही." आजीनं फळी मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.