लॉन्ड्रीवाल्या मावशींचं पाणी

तीर्थरूप मामांस,

तुमच्या लाडक्या भाचीचा (तुम्हाला दुसरी भाचीच नाही, त्यामुळे लाडकी असण्यावाचून मला गत्यंतर नाही) वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? साखर आटोक्यात आहे ना, की डॉक्टरांना सांगायची एक आणि खरी एक अशा अजून दोन चालू आहेत? मामींच्या कंबरेला आराम पडला असेल अशी आशा करते. मी ठणठणीत आहे, वजन थोडं उतरलंय, पण ते आईला कळवू नका.

नवी नोकरी कशी चाललीय असं तुम्ही विचारलं होतंत. आधी एक गैरसमज दूर करते. भूजलशास्त्रज्ञ म्हणजे जमिनीला कान लावून ‘इथे खणा’ सांगणारी बाई नव्हे. (हे तुमच्या शेजारच्या काकांनाही कृपया समजावा. मी आले की ते मला अंगणभर फिरवतात आणि आशेने माझ्या पायांकडे बघत राहतात.) आमचं काम असं, की लोकांच्या बोअरमध्ये फीत सोडायची, तिचं टोक पाण्याला टेकून आवाज आला की आकडा टिपायचा, मग पाण्याचा नमुना बाटलीत भरायचा आणि घरच्या कुत्र्याच्या नजरेला नजर न देता बाहेर पडायचं. कॉलेजात कुत्र्यांविषयी एक अक्षर शिकवलं नव्हतं.

रुजू झाल्यावर लवकरच साहेबांनी मला एका गल्लीतल्या बोअरचे नमुने आणायला पाठवलं. गल्ली छोटीच. एक न्हावी, एक फर्निचरचं दुकान, थोडी घरं आणि टोकाला एक लॉन्ड्री. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणू लागले. दुकानामागेच त्यांचं घर, घरात मुलगा आणि सून, आणि सुनेला दिवस गेलेले. मी नमुने घेतले, काचेच्या बाटल्या हवेचा बुडबुडाही राहणार नाही अशा काठोकाठ भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि पेटी जीपच्या मागच्या बाजूला नीट टेकवून ठेवली. ती कशाला टेकली हे मी पाहिलं नाही. ती आमच्या जनरेटरच्या पेट्रोलच्या कॅनला टेकली होती.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तो असा, की गल्लीतल्या प्रत्येक बोअरमध्ये पेट्रोल. मामा, मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आनंद झाला. नोकरीला लागले नाही तोच शोध. साहेब बाहेरगावी होते, त्यांची वाट पाहण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी दारोदार जाऊन पाणी वापरू नका म्हणून सांगून आले. माणसं घाबरली. बायका लांबच्या नळावरून कळशा आणू लागल्या, न्हाव्याने दुकान बंद ठेवलं (अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक तसंच घरी गेलं, त्या गृहस्थांची नजर मी विसरणार नाही), आणि मावशींनी लोकांचे कपडे न धुताच परत केले.

मग प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. आम्ही दरवेळी शुद्ध पाण्याची एक सीलबंद बाटली बरोबर नेतो, कुठेही न उघडता परत आणतो. तिच्यात काही सापडलं तर समजायचं, घाण वाटेत लागली आहे. त्या बाटलीची तपासणी मागे राहिली होती. तिच्यातही पेट्रोल होतं, म्हणजे कॅनची वाफ झाकणांतून आत शिरली होती.

मी पुन्हा दारोदार गेले, या वेळी माफी मागायला. न्हावी वस्तऱ्याला धार लावत राहिला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं. साहेब परत आल्यावर रागावलेही नाहीत, एवढंच म्हणाले, “नमुने पुन्हा घ्या.” कॅन कचेरीच्या व्हरांड्यात ठेवला आणि नमुने पुन्हा घेतले. सीलबंद बाटली या वेळी स्वच्छ निघाली. गल्लीतलं सगळं पाणीही स्वच्छ निघालं, एक लॉन्ड्री सोडून.

मावशी इस्त्री करत होत्या. मी सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली.

“मागे सगळ्यांच्या पाण्यात होतं. आता माझ्या एकटीच्या?”

“हो मावशी.”

“पुढच्या खेपेला कुणाच्या?”

मी म्हटलं, तुम्हाला वास नाही का येत? त्या म्हणाल्या, लॉन्ड्री आहे बाई, डाग काढायला आम्ही पेट्रोलच वापरतो, इथे गुलाबाचा वास यायचा का? माझ्या शब्दाला तर त्या गल्लीत काही किंमतच उरली नव्हती. आत सून पाणी पिताना दिसत होती. मी म्हटलं, मावशी, मी कशालाच हात लावत नाही. बाटली तुम्ही भरा, झाकण तुम्ही लावा, प्रयोगशाळेत तुम्हीच चला.

त्या खरंच आल्या. दुकान मुलावर सोपवून, चांगली साडी नेसून, सबंध रस्ताभर बर्फाची पेटी मांडीवर धरून. मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि मागे वळायची बंदी केली. प्रयोगशाळेत निकाल येईपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत, चहासुद्धा घेतला नाही. निकाल तोच आला.

“या पोरीने हात लावला होता का?” त्यांनी विचारलं.

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, “नाही. ती तर बाहेरच उभी होती.”

मावशींनी रिकामी पेटी बंद केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कधीपासून असेल?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं जड उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

पुढे उलगडा झाला. फर्निचरच्या दुकानाच्या जागी पूर्वी पेट्रोल पंप होता. पंप गेला, जमिनीतली टाकी तशीच राहिली आणि झिरपत राहिली. गल्लीत सर्वांत जास्त उपसा लॉन्ड्रीचा, म्हणून ते सारं तिच्याच बोअरकडे ओढलं जात होतं. टाकी आता काढली आहे. त्या बोअरचं पाणी मात्र सुधारायला बराच काळ लागेल. सून तिच्या आईकडे गेली आहे, डॉक्टर बाळ ठीक आहे म्हणतात, पण मावशी दर तपासणीनंतर मला फोन करून तेच पुन्हा विचारतात, जणू मीच डॉक्टर. मीही ‘बाळ ठीक आहे’ म्हणते. फोन ठेवल्यावर सुनेच्या पुढच्या तपासणीची तारीख वहीत लिहून ठेवते.

असं आहे सगळं. थोरांना नमस्कार, आणि लहानांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची भाची

ता. क. – रविवारी मी तुमच्याकडे येते आहे. येता येता तुमच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घेईन. काळजीचं काही नाही, आपला सराव म्हणून.

आणखी ता. क. – सराव म्हणून नाही. मामींचा फोन आला होता. पाण्याला वास येतो म्हणाल्या, आणि तुम्ही त्यांना नाकाच्या डॉक्टरकडे जायला सांगितलंत हेही म्हणाल्या. समोरच्या गॅरेजवाल्याचं जुनं ऑइल कुठे जातं ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नसेल. मी येईपर्यंत ते पाणी पिऊ नका. कदाचित काहीच निघणार नाही. मी चुकते हे तुम्ही वर वाचलंच आहे, आणि चुकले तर या वेळीही माफी मागेन.

शेवटचं ता. क. – मामी, पाकीट तुम्हीच आधी उघडणार हे मला माहीत आहे. मामांना चष्मा सापडला नाही तर मोठ्याने वाचून दाखवा. तरीही ऐकलं नाही, तर मोटरचा फ्यूज काढून तुमच्या पर्समध्ये ठेवा.