मामांच्या आडव्या रेघा

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण तीन आठवडे खुर्चीत बसून कंबर अशी धरली आहे की वाकवत नाही, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्या. गुडघा कसा आहे? निवृत्त झाल्यापासून तुम्ही घरातलं एकेक यंत्र उघडून ठेवता आणि मामी ती पुन्हा बंद करायला लावतात, असं आईकडून कळलं. चांगलं आहे, हात चालू राहतो.

मी मजेत आहे. खरं सांगायचं तर छाती फुगली आहे. वॉशिंग मशीन दुरुस्तीची तुम्ही पंचवीस वर्षं लिहून ठेवलेली सगळी माहिती (एकूण तीनशे बारा फायली) कंपनीच्या नव्या नॉलेज बेसमध्ये मी एकट्याने चढवली. आता कुठल्याही शाखेतल्या मेकॅनिकने मोबाइलवर नुसतं 'पाणी गळतंय' लिहिलं, की तुमची कृती पायरी-पायरीने त्याच्यापुढे हजर! सोमवारी साहेब सातही शाखांसाठी हे सुरू करणार आहेत, आणि सगळं सुरळीत झालं तर या विभागाची खुर्ची माझी.

मामा, रागावू नका, पण मशीनला जपलंत त्याच्या निम्म्यानेही तुम्ही फायलींना जपलं नाहीत. एका पानावर चार फॉन्ट! मथळा मधोमध आणायला स्पेसबार चाळीस वेळा दाबलेला (मी मोजलं). आकडे हाताने घातलेले, त्यात सात दोनदा आणि नऊ बेपत्ता. तक्त्याच्या पोटात तक्ता, आणि त्याच्या पोटात गळक्या नळीचा आडवा फोटो. नव्या जागी चिकटवलं की हा सगळा लवाजमा बरोबर यायचा आणि पानाची पार दैना व्हायची. शिवाय जागोजागी आख्ख्या ओळींवर आडव्या रेघा! चारचौघांत दाखवायचा कागद असा असतो का? पहिले दोन दिवस मी एकेक डाग हाताने पुसला, नाकी नऊ आले. मग 'फॉरमॅटिंग काढा' हे बटण सापडलं. सगळं निवडायचं आणि दाबायचं. रंग, रेघा, पिवळे पट्टे एका फटक्यात साफ. (काय लिहिलंय ते वाचत बसलो नाही. ते काम तुम्ही केलेलंच होतं.) वर पायऱ्यांना ओळीने नवे आकडे घातले. साहेबांनी पान पाहून पाठ थोपटली. जुन्या फायली राहिल्या तर लोक त्याच उघडतात, म्हणून त्या पुसल्या आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. काम करावं तर असं, हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणू नये, पण दुसरं कोणी म्हणेपर्यंत धीर निघत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा कर्तबगार भाचा

ता. क. काल चाचणी म्हणून आमच्या नव्या मेकॅनिक बाईंनी एका गिऱ्हाइकाकडे माझ्या पानावरची कृती तंतोतंत पाळली. पायरी तीन : 'मशीन काठोकाठ भरून खालचं झाकण उघडावं.' पायरी चार : 'मशीन रिकामी करून खालचं झाकण उघडावं.' चौथीची गरजच पडली नाही. पाणी बैठकीच्या खोलीपर्यंत गेलं. फरशी मी स्वतः पुसून आलो.

ता. क. दुसरा. पुसता पुसता डोक्यात प्रकाश पडला. जी कृती करून फसलात तिच्यावर तुम्ही रेघ मारायचात, पण खोडून टाकत नव्हतात. पुढच्याने ती पुन्हा करू नये म्हणून तिथेच ठेवायचात. पंचवीस वर्षांतल्या त्या सगळ्या चुका मी एका बटणाने बरोबर करून टाकल्या. मामा, मला फार लाज वाटते. निरोपाच्या दिवशी तुम्ही सगळ्या फायलींच्या छापील प्रती दोन पिशव्या भरून घरी नेल्यात, तेव्हा 'मामा रद्दी नेतायत' म्हणून सर्वांत मोठ्याने मीच हसलो होतो. ती रद्दी अजून आहे ना? आज शुक्रवार आहे. या वेळी एकेक ओळ वाचून करीन.

ता. क. तिसरा. पत्रावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जरा खिडकीतून खाली पाहा. फाटकाशी दोन रिकाम्या पिशव्या घेऊन उभा आहे तो मीच.