पाचवा न्हावी होता

९ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा खोकला आता उतरला असेल. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक. पार्लरमधली दुसरी खुर्ची वर-खाली होईना, ती यांनीच दुरुस्त केली. इमारतींच्या लिफ्ट नीट करणाऱ्याला खुर्चीचं काय मोठंसं.

तू रविवारचं विचारलं आहेस. झाला कार्यक्रम. हे गुरुद्वारात अमृत, म्हणजे दीक्षा, घेऊन आले. आता डोक्याला पगडी, हातात कडं, कमरेला कृपाण. दिसतात छान, खोटं कशाला बोलू. पगडीवर हेल्मेट बसत नाही म्हणून कंपनीत साहेबांशी वाजलं. सध्या त्यांना सुट्या भागांच्या खोलीत बसवलंय. पुढचं पुढे.

हे खूळ अचानक कुठून आलं, असं तुला वाटत असेल. हे लहान असताना गल्लीत शिखांना शोधत दंगल शिरली, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं यांचे केस कापले, फ्रॉक घातला आणि शेजारणीकडे लपवलं. सासऱ्यांनी पगडी उतरवली नाही. ते परत आले नाहीत. पुढे सासूबाईंनी यांच्याकडून वचन घेतलं, मी जिवंत आहे तोवर केस वाढवायचे नाहीत. यांनी ते पाळलं. लग्नाआधी माझं गिऱ्हाईक म्हणून यायचे, ते त्यामुळेच. सासूबाई गेल्या आणि पुढच्या महिन्यात मी कात्री घेऊन उभी राहिले, तर म्हणाले, "राहू दे आता."

मी अडवलं नाही. उलट म्हणाले, मीही अमृत घेते. मनापासून म्हणाले गं. तोवर जेवताना त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. त्यांच्या दहाव्या गुरूंनी भर सभेत तलवार उपसून विचारलं, डोकं कोण देतं? सगळे चिडीचूप. मग एक दुकानदार उठला. मग शेतकरी, पाणक्या, कापड छापणारा. पाचवा न्हावी होता. गुरूंनी त्यांना मारलं नाही. लोखंडी भांड्यात पाणी घेतलं, गुरुपत्नीनं त्यात बत्तासे टाकले, आणि दुधारी खड्गानं ढवळलेलं ते पाणी पाचांना पाजलं. मग स्वतः त्यांच्यापुढे हात जोडून बसले, आता मला द्या म्हणाले. गुरूनं शिष्यापुढे हात पसरायचा, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आणि त्यात एक आपल्या धंद्यातला, म्हणून जरा मिरवलंही.

रविवारी आम्ही दोघं डोकी झाकून ओळीत उभे होतो. समोर अमृत देणारे पाच जण. त्यांतल्या वयस्करांनी नियम सांगितले. केस कापायचे नाहीत हा नियम आला, तेव्हा मी विचारलं, "माझे नाही कापणार. पण दुसऱ्यांचे?"

"बेटी, काय काम करता?"

"पार्लर आहे माझं."

ते पाचही जण आपसात बोलले. रागावले नाहीत. मी म्हटलं, "पहिल्या पाचांतही न्हावी होता ना?"

"होता," ते म्हणाले. "पण उठला तेव्हा वस्तरा मागे ठेवून उठला. तुम्ही सावकाश ठरवा. ज्याची तयारी नसेल त्यानं आत्ता बाहेर जावं, त्यात कमीपणा नाही."

ताई, आईनं माझ्या हातात कात्री दिली तेव्हा मला धड वेणीही घालता येत नव्हती. आज त्या कात्रीवर दोन मुली माझ्याकडे शिकतायत. मी यांच्याकडे पाहिलं. हे समोर बघत राहिले. मी बाहेर आले. दार लागलं. आत लोखंडावर लोखंड फिरत होतं आणि पाठ चालू होता, तो मी जिन्यात बसून शेवटपर्यंत ऐकला.

हे बाहेर आले तेव्हा यांचे डोळे भरलेले होते. शेवटी सगळ्यांनी एकाच भांड्यातून घोट घोट प्यायचं असतं, ते सांगत होते. "माझ्या शेजारी रिक्षावाला होता, पलीकडे डॉक्टर. कोण कुठला, काही उरलं नाही बघ." मी माझ्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. मी त्यातलं अर्धं प्यायले होते. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. अमृत न घेतलेल्याचं उष्टं चालत नाही.

काल मी म्हटलं, "मी पार्लर विकून टाकते."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

हे म्हणाले, "आईनं माझे केस भीतीनं कापले. तू भीतीनं वाढवू नकोस. डोकं ज्याचं त्यानंच द्यायचं असतं."

"आणि नाहीच दिलं तर?"

"तर ताट वेगळं राहील. घर नाही." त्यांनाही सोपं जात नाहीये.

पार्लर मी विकणार नाही. त्यांचंही मला चुकीचं वाटत नाही. रागवायला कुणी सापडत असतं तर बरं झालं असतं.

सकाळी एकाच कपातला चहा दोघांनी प्यायची आमची सवय. आता मी उरलेला बेसिनमध्ये ओतते. तुला जमेल का गं यायला, चार दिवस? त्यांना समजवायला नको, मलाही नको. नुसती माझ्याजवळ बस आणि माझा अर्धा चहा पी.

वाट बघते.

तुझी,
धाकटी