दुखणं कोणाच्या घरचं

मुक्काम नांदेड, दवाखान्याचा व्हरांडा
जानेवारी २००३

आदरणीय व्याही मुंजाजीराव यांना वसमतच्या किसनरावचा मान खाली घालून नमस्कार.

तुमचा दमा, विहीणबाईंची कंबर आणि तुमच्या गोरेगावच्या शेतातली हळद, तिन्ही ठीक असावं. (दम्याची चौकशी मनापासून. काल तुमच्या शेजारच्या दुकानात फोन लावला, तेव्हा "न्हाई घरी म्हणून सांग" असं तुम्ही इतक्या दणक्यात बोललात की मला इथं नांदेडात ऐकू आलं. छाती मोकळी आहे, समाधान वाटलं.)

रागावलात ते बराबरच आहे. डोहाळजेवणात प्रियंकाचा सुजलेला चेहरा पाहून मी आधी पुनवेच्या चंद्रावर स्वतःचं कडवं म्हटलं, आणि पोरीला भोवळ आली तेव्हा भर पंगतीत बोललो, "हे दुखणं माहेरचं. आमच्या घराण्यात असलं काही न्हाई." तुम्ही ताटावरून उठलात. अर्धी राहिलेली ती पुरणपोळी मला अजून दिसते.

इथं आणल्यावर कळलं, तिचा रक्तदाब फार चढलाय. योगायोगानं इथल्या एक डॉक्टरीणबाई ह्याच दुखण्याचा शोध घेऊन राहिल्यात. (मला वाटायचं, शोध लावणारे सगळे पाठ्यपुस्तकातल्यासारखे दाढीवाले असतात. ह्या उभ्यानंच डब्यातली चपाती खातात.) गरोदर बाईला हे नेमकं कशानं होतं, ते म्हणे जगात अजून कोणाला पक्कं सापडलेलं नाही, बाळाची वार गर्भपिशवीत नीट रुजत नाही, इतपत माग लागलाय. त्यांनी विचारलं, घरात पूर्वी कोणाला झालं होतं? मी खुर्ची पुढं सरकवली आणि तुमच्या पिढ्या सांगायला घेतल्या. तुमच्या आत्याची दातखीळ, चुलत्याची फेफरं, सगळं. बाई म्हणाल्या, "आजोबा, हिच्या नवऱ्याच्या आईचं सांगा."

"तिला काय धाड भरली?" मी म्हणालो.

तर कोपऱ्यातून आमच्या शालूबाई, "मला इचारा ना. भागवतच्या टायमाला तोंड असंच सुजलं व्हतं. झटके आले व्हते, माहेरी, डोंगरकड्याला."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी बारशाला आले ते कविता घेऊन. मला बोलायला जागा कुठं ठिवली?"

बाई खाली बघून लिहीत राहिल्या, हे त्यांचे उपकार. मग म्हणाल्या, अशा बाळंतपणातून जन्मलेला मुलगा बाप होतो तेव्हा त्याच्या बायकोला धोका थोडा जास्त दिसतो, अशी अलीकडची एक पाहणी आहे. म्हणजे दुखणं कुठून आलंच असेल तर तुमच्या दारातून नव्हे, आमच्या भागवतच्या मार्फत. (तो बिचारा खटला भरल्यासारखा भिंतीकडं तोंड करून उभा.) मी खुर्ची मागं सरकवली. ती भिंतीला टेकली, तरी अजून सरकवावीशी वाटत होती.

उपाय म्हणाल तर पक्का एकच, बाळंत करणं. तोवर झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन, अंधारी खोली आणि शांतता. त्या शांततेत पोरीला धीर यावा म्हणून मी चौथीतली कविता चालीवर सुरू केली, तेव्हा सिस्टरनं दंडाला धरून मला व्हरांड्यात आणून बसवलं. समोर कडुनिंब आहे. आमच्या शाळेतही होता, त्याखाली आमचा वर्ग एका सुरात... (असो. शालूबाई बघून राहिल्या.)

मुंजाजीराव, पंगतीत बोललो ते पंगतीतच परत घेईन. तुम्ही म्हणाल तेवढी माणसं बोलवा, वाढायला मी.

तुमचा अपराधी,
किसनराव

ता. क. शोधासाठी बाईंना तुम्हा उभयतांचंही थोडं रक्त हवंय. माझं देऊन झालं. डोळे मिटले होते.

आणखी ता. क. मुख्य राहिलंच. महिने पुरे नाहीत, तरी उद्या सकाळी प्रियंकाला कळा यायचं औषध देणार आहेत. आई-बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे, असं बाई स्पष्ट बोलल्या. पोरगी भागवतला विचारत नाही, मला तर नाहीच, डोळे उघडले की तुमचीच चौकशी, "आबा आले का?" एवढंच. हे पत्र घेऊन भागवतच जीपनं आलाय. तुमच्या दारात उभा असेल. शालूबाई पेन मागून राहिल्या, देतो.

दादा, ह्यांचं समदं वाचत बसले का? उठा. जीपमधी बसा. — शालू