जर्मनच्या परीक्षेला जाताना

सुचिताताई,

कडी हळूच काढली तरी वाजलीच, अन् ओवी उठून बसली. तुम्ही शेजारून ओवीच्या सोबतीले येऊन झोपल्या, तुम्हाले उठवत नाही. जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीसाठी भाषेची परीक्षा आहे, नागपूरले चालले. परवा येते.

ओवी पहिल्यांदाच माझ्याशिवाय राहणार. माझी ओढणी मुठीत धरून झोपते, ती उशीशी ठेवली आहे. रडली तर फोन लावू नका, मी अर्ध्या वाटेतून परत फिरेन. तुमच्या हातून जेवते का, तेवढं मात्र खरं सांगा. मी पास झाले अन् ही राहिली नाही, तर काय करू?

आत्ता मांडीत बसून विचारते, "आई, तिकडं कोणाले सांभाळशील?"

म्हटलं, "म्हाताऱ्या आजींले."

"मंग त्या आजींची लेक कुठं गेली?"