न संपणारी तेलाची बाटली

प्रिय आई,

तू गेलीस त्याला येत्या रविवारी वर्ष होईल. चर्चच्या उपासनेत तुझ्याविषयी चार शब्द बोल, असं पाळकसाहेब म्हणालेत. पण त्याआधी मला तुला एक विचारायचं आहे, आणि ते मंडळीसमोर विचारता येणार नाही. आई, तू आम्हाला फसवलंस का?

रागावू नकोस. कंपनीत माझं कामच संशय घ्यायचं आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो, ते मी दिवसभर शोधते. "कॉलेज शिकून लोकांच्या चुका काढते!" असं तूच शेजारी कौतुकाने सांगायचीस ना?

घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता मुलांसाठी देवाचं पुस्तक लिही." ते लिहिते आहे. त्यात एक कल्पनेतलं राज्य आहे, आंधळा राजा आहे, आणि नीरा नावाच्या मुलीपाशी कधीच न संपणारी तेलाची बाटली आहे. ती कुठून आली, तुला कळलंच असेल! आपल्या फडताळातली, निळ्या झाकणाची, तू प्रार्थनासभेतून आणलेली. सात वर्षांची असताना मी तापाने फणफणले, तेव्हा त्यातलंच तेल तू माझ्या कपाळाला लावलंस. नंतर कितीजणांना लावलंस! पण मी पाहावी तेव्हा बाटली भरलेलीच.

पहिली प्रकरणं घेऊन मी आपल्या मंडळीच्या मासिकाच्या संपादकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, आधी या बाटलीला बूच लावा. कुणीही थेंब टाकायचा आणि कुणीही बरं व्हायचं, मग तुमच्या गोष्टीत देव काय करतो? तो काय नुसता पाहुणा आलाय का? ही जादू झाली. चमत्कार कशाला म्हणायचं ते ठरवा, मग या."

"आमच्या घरात होती अशी बाटली!" मी तावातावाने म्हणाले.

"मग घरी विचारा."

घरी आता कोण आहे? मांजरी गावी मावशीकडे गेले. भाकरी थापता थापता ती हसायलाच लागली. "न संपणारी? अगं येडे, तुझी आई भरायची की ती! संपत आली की भाजीच्या तेलाच्या डब्यातनं. मीच दोनदा भरून दिलीय."

भाजीचं तेल, आई! शेंगदाण्याचं! लोक आजारी पोरांना घेऊन तुझ्या दाराशी यायचे, आणि तू त्यांच्या कपाळाला फोडणीचं तेल लावत होतीस?

परतीच्या बसमध्ये मी तुझ्यावर खूप चिडले. मग सवयीने तुझं बोलणं तपासायला घेतलं, वाक्य न् वाक्य. दर वर्षी माझ्या वाढदिवसानंतरच्या रविवारी, मी त्या तापातून वाचले म्हणून, तू मंडळीसमोर देवाची साक्ष द्यायला उभी राहायचीस. काय म्हणायचीस? "मी मागितलं, त्याने दिलं." बस, एवढंच. त्यात तेलाचं नावही नसायचं. आणि दाराशी आलेल्यांना पहिला प्रश्न काय? "डॉक्टरला दाखवलं का? आधी ते करा. तेल कुठे पळून जात नाही."

मग न संपणारी बाटली कुणी केली? मीच ना?

आणि पप्पा. हॉस्पिटलमध्ये त्यांच्याही कपाळाला तू तेच तेल लावलंस. ते गेले. पुढच्या रविवारी तू पुन्हा उभी राहिलीस, तेव्हा मला लाज वाटली होती. आता ही कशाची साक्ष देणार? तू म्हणालीस, "मी मागितलं. त्याने दिलं नाही. उद्या दुसऱ्या कुणासाठी मागेन." आणि खाली बसलीस.

संपादकांना हवं होतं ते उत्तर हेच होतं, आई. जादू कधी 'नाही' म्हणू शकत नाही. ज्याच्याकडे मागायचं, तो म्हणू शकतो.

तरी माझा संशय पुरता गेलेला नाही. माझा ताप प्रार्थनेने उतरला की औषधाने? मी त्या बाटलीकडे डोळे विस्फारून बघायचे, तेव्हा तू नुसती हसायचीस. खरं का नाही सांगितलंस? आणि तू होतीस तेव्हा मी तरी का नाही विचारलं?

पण एक वचन देते. नीराची बाटली तिसऱ्या प्रकरणात रिकामी होईल. ती सगळ्यांदेखत स्वयंपाकघरातलं तेल त्यात भरेल, राजाच्या कपाळाला लावेल आणि मागेल. राजाचे डोळे उघडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच्या दाराशी उभी असेल.

आणि रविवारी मी मंडळीला तेलाच्या डब्याचं सांगेन. मग तुझ्या दोन्ही साक्षी सांगेन, पप्पांच्या वेळची शेवटी.

तुझी संशयी लेक,
शलोमी